पथ्यपाणी : अतिसारावरील एका पुस्तिकेची प्रस्तावना

ज्या नगराला स्वतःच्या मालकीचे धरण आहे, ज्याचे पाणी खालापूर तालुक्यात धावरी नदीवर बांधलेल्या मोरबे जलाशयातून निघून भोकरपाडा येथील शुद्धीकरण केंद्रात निवळले व गाळले जाते, निर्जंतुक होते आणि मग मोठमोठ्या वाहिन्यांतून बेलापूरपासून दिघ्यापर्यंतच्या वसाहतींत येऊन पोहोचते, त्या नगरात पावसाळा लागला की ढाळ-उलट्यांचे रुग्ण दवाखान्यांच्या बाकांवर दाटीने बसलेले दिसावेत, ही गोष्ट प्रथमदर्शनी कोड्यात टाकणारी आहे. या कोड्याचे उत्तर धरणात सापडत नाही आणि शुद्धीकरण केंद्रातही सापडत नाही. मुख्य वाहिनी सोडून पाणी गल्लीत शिरते तेथपासून माणसाच्या ओठांपर्यंतच्या शेवटच्या वाटेवर ते पुष्कळसे सापडते. आणि उरलेले सापडते ते मूल आजारी पडल्यावर घरातील वडीलधारी मंडळी त्याच्या ताटाविषयी जो निर्णय घेतात त्या निर्णयात. प्रस्तुत पुस्तिका या दोन जागांविषयी आहे. तिच्या आरंभी मला जे प्रतिपादन करावयाचे आहे तेही एवढेच की, तीव्र संसर्गजन्य अतिसार जंतूंमुळे होत असला तरी त्यात माणूस दगावतो तो बहुधा अंगातले पाणी व क्षार आटल्याने, आणि त्यातून वाचलेले मूल पुढे खंगते ते बहुधा आजारात त्याचे अन्न तोडल्याने.

अतिसार कशास म्हणावे याविषयी वैद्यकात एकवाक्यता आहे. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास होणे हा अतिसार. तो चौदा दिवसांच्या आत आटोपला तर तीव्र, त्याहून लांबला तर चिवट. आणि शौचावाटे रक्त पडू लागले तर ती रक्ती आव, जिचा विचार निराळा करावा लागतो. केवळ अंगावर पिणारे तान्हे मूल दिवसातून अनेकदा मऊ, पिवळसर शी करते, त्यास मात्र अतिसार म्हणू नये. कारण या गैरसमजापायी चांगले दूध बंद करून बाळाला बाटली लावल्याची उदाहरणे आजही घडतात, आणि मग खरा अतिसार बाटलीच्या मागोमाग येतो.

आपल्या प्रदेशाला या व्याधीची ओळख फार जुनी आहे. चरकसंहितेत अतिसाराच्या चिकित्सेला स्वतंत्र अध्याय आहे. गोव्यात वास्तव्य करून राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात पटकीच्या रुग्णाचे बुडत जाणारी नाडी, खोल गेलेले डोळे, थंडगार पडलेले अंग आणि पायांत येणारे वांब हे वर्णन करून ठेवले आहे. ते वाचताना आजच्या वैद्यालाही आपल्या समोरचा रुग्ण दिसावा इतके ते यथातथ्य आहे. पुढे १८१७ साली बंगालात जेसोरकडे उठलेली पटकीची साथ सैन्याच्या व व्यापाऱ्यांच्या वाटांनी देशभर पसरत दुसऱ्याच वर्षी मुंबईत येऊन थडकली, आणि त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे इलाख्याच्या दप्तरांत पटकीच्या नोंदी खंडल्या नाहीत. गावोगावच्या शिवेवर मरीआईची ठाणी आहेत, ती या दुखण्याच्या दहशतीची साक्ष देतात. मरीआईचा गाडा आपल्या शिवेबाहेर ओढून नेणाऱ्या लोकांना आपण अडाणी म्हणून मोकळे होतो. परंतु हा आजार एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जातो, हे निरीक्षण त्या आचारात दडलेले होते आणि ते अचूक होते. तो पाण्यातून चालत जातो, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते. लंडनच्या जॉन स्नो याने १८५४ मध्ये एका हातपंपाभोवतीच्या मृत्यूंची मोजदाद करून ते दाखवून दिले, आणि रॉबर्ट कॉख याने १८८४ च्या सुमारास कलकत्त्यात पटकीचा जंतू रुग्णांच्या आतड्यात व तळ्याच्या पाण्यातही ओळखला. पंढरीच्या वाटेवर आरोग्यखात्याने विहिरींत औषध टाकण्याचा व वारकऱ्यांना लस टोचण्याचा जो शिरस्ता पाडला, त्याच्या मागे हाच शोध उभा होता.

मात्र जंतू सापडला म्हणजे रोगी वाचला असे झाले नाही. कलकत्त्याचे शंभूनाथ डे यांनी १९५९ साली सिद्ध केले की पटकीचा जंतू आतड्याची भिंत फोडून रक्तात शिरत नाही. तो एक विष सोडतो, आणि त्या विषाने आतड्याच्या पेशी स्वतःच क्षार व पाणी बाहेर टाकीत सुटतात. प्रौढ माणसाच्या आतड्यात दररोज आठ-नऊ लिटर द्रव येत असतो. त्यातला सुमारे दोन लिटर आपण खातो-पितो त्याचा, बाकीचा लाळ, जठररस, पित्त इत्यादींचा. निरोगी आतडे हा सारा द्रव पुन्हा शोषून घेते आणि जेमतेम पाव लिटरही बाहेर जाऊ देत नाही. हा ताळेबंद बिघडला की तीव्र पटकीत तासाला एक लिटरपर्यंत पाणी अंगातून निघून जाऊ शकते, आणि सकाळी कामावर गेलेला धडधाकट माणूस संध्याकाळी ओळखू येईनासा होतो. सोबत सोडियम जाते, पोटॅशियम जाते, रक्त आटते, मूत्रपिंडे थांबतात. हे सर्व भरून काढावयाचे तर शिरेतून सलाईन देणे हाच एक उपाय मानला जात होता. आणि तो उपाय रुग्णालयाच्या चार भिंतींत, सुया-बाटल्या व माणसे असतील तेथेच शक्य होता.

येथून पुढचा इतिहास प्रत्येक मराठी आईने वाचावा अशी माझी कळकळीची इच्छा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. हेमेंद्रनाथ चॅटर्जी या कलकत्त्याच्याच डॉक्टरांनी १९५३ मध्ये पटकीच्या १८६ रुग्णांना मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी तोंडाने देऊन त्यांना बरे केल्याचे 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. परंतु असे का व्हावे याचा उलगडा तेव्हा झालेला नसल्याने वैद्यकविश्वाने त्याची म्हणावी तशी दखल घेतली नाही. तो उलगडा १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी केला. आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज ही दोन्ही जोडीने आत शिरतात, आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढले जाते. पटकीचे विष इतर सारे बिघडवते, पण हे जोडीचे दार अबाधित राहते. डेव्हिड नलिन व रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये ढाक्यात त्याची रुग्णांवर पद्धतशीर परीक्षा घेतली. मग १९७१ साल उजाडले. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले, बनगावच्या छावणीत पटकी पेटली, रुग्णालयाच्या फरशीवर पाय ठेवायला जागा उरली नाही आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेथे काम करणारे दिलीप महालनबीस यांनी कलकत्त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या भरवून घेतल्या. लिटरभर पाण्यामागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम साधे मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे त्यांचे प्रमाण होते, आणि त्यांची तोंडे गरम इस्त्रीने बंद केलेली होती. हे मिश्रण तोट्या बसविलेल्या पिंपांत कालवले गेले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनी पेल्यापेल्याने ते पाजले. पूर्वी शंभरांत तीसच्या घरात असलेले मृत्यूंचे प्रमाण चारच्याही खाली आले. औषध देणारे हात तज्ज्ञांचे नव्हते. आयांचे, भावांचे, शेजाऱ्यांचे होते. महालनबीस २०२२ साली निवर्तले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. आपण ज्यास जलसंजीवनी म्हणतो ती हीच.

आजच्या पाकिटाचे प्रमाण २००२ पासून थोडे बदलले आहे : लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम सायट्रेट. पूर्वीच्यापेक्षा हे द्रावण किंचित पातळ केले, कारण त्याने शौचाचे प्रमाण व उलट्या कमी होतात असे आढळले. या आकड्यांचे तात्पर्य गृहिणीसाठी असे की पाकीट लिटरभर पाण्यासाठी असेल तर ते लिटरभर पाण्यातच संपूर्ण ओतावे. अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात अंदाजाने टाकू नये, त्यात वरून साखर, दूध वा सरबत घालू नये, आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. पाकीट हाताशी नसेल तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा विरघळवावा. चमचा पाच मिलिलिटरचा, औषधाच्या बाटलीसोबत येतो तेवढा. कालवल्यावर आधी स्वतः चव घ्यावी, आणि ते अश्रूंहून खारट लागले तर ओतून देऊन नव्याने करावे. जादा मीठ तान्ह्याला अपाय करते आणि जादा साखर आतड्यात उलट पाणी खेचून आणून जुलाब वाढवते. बाटलीबंद शीतपेये, गोड फळरस आणि ग्लुकोजची पूड ढवळून केलेली पेये या आजारात देऊ नयेत त्याचे कारण हेच. दुकानांत कागदी डब्यांतून मिळणारी कित्येक गोड पेये जलसंजीवनीचे नाव मिरवीत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरे वापरण्यास मनाई केली, हे फार योग्य झाले. तरीही ग्राहकाने वेष्टनावरचे प्रमाण स्वतः वाचून घ्यावे.

आता जंतूंविषयी. त्यांची नामावळी मोठी आहे आणि ती पुस्तिकेच्या दुसऱ्या प्रकरणात सविस्तर आली आहे. येथे दोन-तीन गोष्टींकडेच लक्ष वेधतो. पहिली ही की सर्व जंतूंची मात्रा सारखी नसते. पटकी होण्यास साधारणतः लक्षावधी जंतू पोटात जावे लागतात, आणि म्हणून ती मुख्यत्वे पाण्याची साथ असते. रक्ती आव आणणाऱ्या शिगेलाचे मात्र दहा ते शंभर जंतूही पुरतात, आणि म्हणून ती आव न धुतलेल्या हातानेही घरभर फिरते. साबणाने हात धुण्याची सवय लागली की अतिसाराचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटते, असे अनेक देशांतील पाहण्यांतून दिसून आले आहे. दुसरी गोष्ट, पावसाळा हा एकटाच दोषी नव्हे. मुलांना होणारा रोटाव्हायरसचा अतिसार आपल्याकडे थंडीच्या दिवसांत बळावतो, आणि पाणी कितीही निर्मळ ठेवले तरी तो विषाणू खेळण्यांवरून व हातांवरून मुलांत पसरतो. त्याच्यावर खरा उपाय लस हाच, आणि ती २०१९ पासून महाराष्ट्रातही सरकारी लसीकरणात सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याला मोफत दिली जाते. तिसरी गोष्ट, शिजवलेले अन्न तासन्‌तास उबेत राहिले की त्यातले काही जंतू विष तयार करून ठेवतात. सकाळच्या भाताला दुपारी दिलेली फोडणी जंतूंना मारील, पण विषाला नेहमीच मारणार नाही.

हा आजार दोन दिवसांचा पाहुणा आहे, असे समजून त्याच्याकडे दुर्लक्ष करण्याची आपल्याकडे रीत आहे. ती किती घातक आहे हे अलीकडच्या दोन घटनांनी दाखविले. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत वीज नसल्याने नळाचे पाणी बंद झाले, लोकांनी उघड्या विहिरीचे पाणी प्यायले आणि पटकीने माणसे दगावली. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड गाव व किरकटवाडीच्या भागात, अनेकांना आधी जुलाब झाले आणि नंतर त्यांच्या हातापायांतली शक्ती गेली. तो गुलियन बारे हा मज्जातंतूंचा विकार होता आणि काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा अतिसाराचा जंतू सापडला. एक घटना दुर्गम डोंगराळ भागातली, दुसरी सुशिक्षित उपनगरातली. जगात पाच वर्षांखालील सुमारे साडेचार लाख बालके अजूनही दरवर्षी अतिसाराने मृत्यू पावतात.

या पुस्तिकेचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो आहाराचा. आपल्या घरांत असा समज खोलवर रुजलेला आहे की पोट चालत असताना ते रिकामे ठेवावे, म्हणजे आतड्याला विश्रांती मिळते. आजी सांगतात, सासूबाई दुजोरा देतात, आणि पोर दोन दिवस साखरेच्या पाण्यावर व चहात बुडविलेल्या बिस्किटावर राहते. त्यांच्या मनातली माया खरी आहे; परंतु आतड्याच्या अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत संपूर्ण नव्या होत असतात आणि त्यांचे पोषण बऱ्याच अंशी समोरून जाणाऱ्या अन्नातूनच होते. अन्न तोडले की हे नवे अस्तर तयार होण्यास विलंब लागतो, दुखणे लांबते, वजन उतरते, आणि उतरलेल्या वजनाच्या मुलाला पुढचा अतिसार अधिक लवकर व अधिक जोराने गाठतो. जुलाब चालू असतानाही खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग अंगी लागतो, हे वारंवार सिद्ध झालेले आहे. यास्तव नियम असा की अंगावरचे दूध एक वेळही तोडू नये, उलट अधिक वेळा पाजावे. मोठ्या मुलाला व प्रौढाला पहिल्या तीन-चार तासांत पाण्याची तूट भरून निघाली की लगेच नेहमीचे मऊ अन्न थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण अधिक द्यावे.

आणि हे अन्न शोधण्यासाठी कोणाला दूर जावयाचे नाही. आयुर्वेदाने दुर्बल झालेल्या अग्नीसाठी मंड, पेया, विलेपी आणि मग ओदन अशी जी पायरीपायरीची योजना सांगितली, तिच्यातली पेया आगरी-कोळ्यांच्या घरांतून पेज या नावाने आजही नांदते आहे. दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली या गावठाणांतल्या जुन्या बायकांना ती शिकवावी लागत नाही. मूठभर जुना तांदूळ किंचित भाजून, धुऊन, आठ-दहा पट पाण्यात मंद आचेवर शिजत ठेवावा. शीत बोटांत सहज चिरडू लागले की पळीने घोटावे, चवीपुरते मीठ घालावे आणि वर चमचाभर साजूक तूप. त्यात तांदळाच्या निम्मी मुगाची डाळ शिजवली तर तिला प्रथिनांची जोड मिळते आणि ती एक जेवणच होते. खारवलेल्या पेजेचा गुण नव्या शास्त्रानेही मान्य केला आहे. तांदळातील पिष्ट आतड्यात सावकाश उलगडून ग्लुकोज पुरवीत राहते, त्यामुळे साखरेसारखे ते एकदम पाणी खेचीत नाही. पटकीच्या रुग्णांना तांदळाच्या पिठाची जलसंजीवनी दिली असता शौचाचे प्रमाण घटल्याचे दिसले आहे. ताजे ताक, दहीभात, कुस्करलेले पिकलेले केळे, नाचणीची आंबील, मऊ खिचडी ही सारी पथ्यात बसतात. साबुदाण्याची खळ पोटाला हलकी खरी, पण तिच्यात पिष्टावाचून फारसे काही नाही, म्हणून तिच्यावर दिवस काढू नयेत. शहाळ्याचे पाणी पोटॅशियम भरपूर देते, सोडियम मात्र फार थोडे. ते जलसंजीवनीच्या जोडीला घ्यावे, तिच्या जागी नव्हे. लहान मुलाला हे सारे वाटी-चमच्याने भरवावे. बाटलीच्या बुचात आणि बोंडल्याच्या तोटीत जे दूध अडकून राहते ते घासून निघत नाही, आणि जंतूंना तेवढे पुरते.

मुलाने जलसंजीवनी ओकून टाकली की 'त्याला सोसत नाही' म्हणून ती बंद करण्यात येते. तसे करू नये. दहा मिनिटे थांबावे आणि मग चमच्या-चमच्याने, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने पुन्हा सुरू करावे. दोन वर्षांखालील बालकाला प्रत्येक पातळ शौचामागे ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर हे सर्वसाधारण प्रमाण आहे. त्यासोबत चौदा दिवस झिंक : सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. जुलाब थांबले की गोळी थांबवण्याची घाई होते. पण उरलेल्या दिवसांची गोळी पुढच्या दोन-तीन महिन्यांतल्या अतिसारापासून रक्षण करते. प्रतिजैविके पटकी, रक्ती आव आणि वैद्याने ठरविलेले काही मोजके प्रसंग यांखेरीज लागत नाहीत. विषाणूंवर त्यांचा काडीमात्र परिणाम होत नाही. आणि जुलाब एकदम बांधून टाकणाऱ्या गोळ्या लहान मुलांना तर कधीच देऊ नयेत. दात येताना जुलाब होणारच, म्हणून वाट पाहत बसण्याचा प्रघातही सोडावा. त्या वयात मूल जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालते, दोष त्या वस्तूंचा असतो.

घरचे उपचार कोठे संपतात हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. मूल सुस्त पडले वा शुद्धीवर नसेल, त्याला पिता येत नसेल किंवा प्यायलेले काहीच ठरत नसेल, डोळे खोल गेले असतील, टाळू खोल गेली असेल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती दोन सेकंदांहून अधिक वेळ तशीच राहत असेल, सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, शौचात रक्त असेल, ताप चढता असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे, आणि वाटेत जलसंजीवनी पाजत राहावे. दोन महिन्यांखालील बाळ, गरोदर स्त्री, वृद्ध आणि मधुमेह, मूत्रपिंड वा हृदयाचे विकार असलेली माणसे यांच्या बाबतीत ही लक्षणे दिसण्याचीही वाट पाहू नये. रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या काही गोळ्या अंगातले पाणी आटलेले असताना अपाय करू शकतात, तेव्हा त्या चालू ठेवाव्यात की कसे हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

राहता राहिले पाणी. मोरब्याहून दररोज पंचेचाळीस कोटी लिटर पाणी घेण्याची व शुद्ध करण्याची तजवीज या नगराने केली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु नळाला पाणी चोवीस तास नसते, आणि अडचण तेथेच सुरू होते. पुरवठा चालू असतो तोवर वाहिनीतला दाब बाहेरचे काही आत येऊ देत नाही. पुरवठा थांबला की दाब उतरतो, आणि वाहिनीला कोठे बारीकशी चीर असेल व ती गटारातून गेलेली असेल तर गटारातले पाणी आत ओढले जाते. औद्योगिक पट्ट्यालगतच्या व दगडखाणींच्या पायथ्याच्या वस्त्यांत घरगुती नळ्या गटारांतूनच गेलेल्या दिसतात, कारण त्यांना दुसरी वाट नसते. तेथील माणसांना स्वच्छतेचे धडे देण्याआधी त्या नळ्या वर उचलून देणे हे नगराचे कर्तव्य आहे, आणि त्यात कसूर होता कामा नये. उंच इमारतींत राहणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. त्यांचे पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत उतरते, मग गच्चीवर चढते. खालच्या टाकीचे झाकण रस्त्याच्या पातळीला असले तर जुलैतल्या एका मुसळधार रात्रीत वाहनतळावरचे पाणी तिच्यात शिरते आणि सकाळी साऱ्या मजल्यांवर तेच वाटले जाते.

पाणी वाटेत नासले की नाही याची परीक्षा करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. आरोग्य कर्मचारी क्लोरीन तपासण्याची ओटी चाचणी करताना मी अनेकदा पाहिले आहे. काचेच्या छोट्या नळीत नळाचे पाणी, त्यात द्रावणाचे काही थेंब, आणि नळी उजेडासमोर धरली की पाणी फिकट पिवळे होते. पिवळेपणा आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे, पाणी वाटेत नासलेले असण्याचा संभव कमी. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन नळाशी उरावे असे मानक आहे. एकाच इमारतीत रस्त्याकडच्या नळाचे पाणी पिवळे होते आणि गच्चीच्या टाकीतले पांढरेच राहते, तेव्हा दोष कोठे आहे हे कोणालाही समजते, आणि तक्रार कोणाकडे करावयाची हेही समजते. साथीच्या दिवसांत पाणी खळखळून उकळावे. एक मिनिट उकळी पुरे. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. आणि उकळलेले पाणी माठात भरल्यावर त्यात हात बुडवून पेला भरला तर सारे श्रम वाया जातात, म्हणून लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटीचा माठ वापरावा. बाहेरच्या बर्फाविषयी एकच सांगतो : मासळी थंड ठेवण्यासाठी केलेली लादी आणि उसाच्या रसात फोडून टाकलेली लादी पुष्कळदा एकाच गाडीतून उतरते.

वाचकांना माझी विनंती आहे की ही पुस्तिका आजाराच्या दिवशी उघडण्यासाठी कपाटात ठेवू नये. पावसाळ्याआधी घरात जलसंजीवनीची चार पाकिटे, झिंकच्या गोळ्यांची एक पट्टी आणि लिटरची खूण केलेले एक भांडे आणून ठेवावे. इमारतीच्या टाक्या शेवटच्या कधी धुतल्या याची तारीख सचिवांना विचारून घ्यावी. आणि घरकामाला येणाऱ्या बाईंना, इमारतीच्या रखवालदाराला, शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या बायकांना शेवटच्या पानावरचा तक्ता एकदा वाचून दाखवावा. जलसंजीवनीची पाकिटे व झिंकच्या गोळ्या महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांत आणि आशा कार्यकर्त्यांकडे विनामूल्य मिळतात.